लोहाराचा मुलगा जस्टिन मॉरिल

वीणा गवाणकर यांनी लिहिलेले कार्व्हरचे चरित्र आपल्यापैकी बहुतेक भगिनींनी वाचले असेल. गुलामीत जन्मलेला तो मुलगा आयोवाच्या शेतकी कॉलेजात शिकला आणि १८९४ साली पदवीधर झाला, हे आपल्याला ठाऊक असते. परंतु शेती शिकविणारे सरकारी कॉलेज तेथे आले कोठून, हा प्रश्न माझ्या मनात बरेच दिवस घोळत होता. त्याचा शोध घेता घेता जस्टिन मॉरिल या गृहस्थांची ओळख झाली. अमेरिकेत कित्येक विद्यापीठांच्या इमारतींना त्यांचे नाव आहे. आपल्याकडे ते क्वचितच कोणी घेते. म्हणून हा लेखप्रपंच.

मॉरिल यांचा जन्म १४ एप्रिल १८१० रोजी व्हरमाँट राज्यातील स्ट्रॅफर्ड या लहानशा गावी झाला. वडील लोहार. मुलगा हुशार होता, पण पुढे शिकविण्याइतका पैसा घरात नव्हता. पंधराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि तो दुकानात कारकून म्हणून उभा राहिला. पुढे गावातील एका वडीलधाऱ्या व्यापाऱ्याने त्याला भागीदार करून घेतले. दुकान चांगले चालले. वाचनाचा नाद मात्र सुटला नाही. १८४८ साली, म्हणजे अडतिसाव्या वर्षी, त्यांनी व्यापारातून अंग काढून घेतले, स्वतःच आराखडा आखून गुलाबी रंगाचे घर बांधले, भोवती बाग केली आणि १८५१ साली रूथ स्वॉन यांच्याशी विवाह केला. येथवरची हकीकत एखाद्या सुखवस्तू दुकानदाराची आहे. १८५५ साली ते व्हरमाँटचे प्रतिनिधी म्हणून वॉशिंग्टनला गेले आणि तेथून त्यांचे खरे चरित्र सुरू होते.

त्या काळी कॉलेज म्हणजे लॅटिन, ग्रीक आणि धर्मशास्त्र. पाद्री, वकील, डॉक्टर यांच्या मुलांसाठी ते ठीक होते. ज्यांच्या हातात नांगर किंवा हातोडा, त्यांच्यासाठी तेथे काही नव्हते. पूर्वेकडील जमिनींचा कस उतरत चालला होता, हेही मॉरिल पाहत होते. आणि त्या शास्त्राची शिक्षणसंस्था युरोपात होती, आपल्या देशात जवळजवळ नव्हती, याची त्यांना खंत होती. १८५७ साली त्यांनी विधेयक मांडले : केंद्र सरकारने प्रत्येक राज्याला पडीक सरकारी जमीन द्यावी, राज्याने ती विकून पैसा गुंतवावा आणि त्याच्या व्याजावर शेती व यंत्रविद्या शिकविणारे कॉलेज चालवावे. अशी कल्पना इलिनॉयचे जोनाथन टर्नर आधीपासून मांडीत होते, तेव्हा सारे श्रेय एकट्या मॉरिल यांना देणे बरोबर नाही. पण कल्पना मांडणे वेगळे आणि ती संसदेतून पार पाडणे वेगळे.

विधेयक दोन्ही सभागृहांत थोडक्या मतांनी मंजूर झाले. १८५९ साली अध्यक्ष ब्यूकॅनन यांनी ते नाकारले. तिजोरीवर भार पडेल, राज्ये केंद्राच्या तोंडाकडे पाहू लागतील आणि राज्यघटनेत याला आधार नाही, अशी त्यांची कारणे होती. मॉरिल स्वस्थ बसले नाहीत. यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील विरोधक संसदेतून निघून गेले, तेव्हा त्यांनी विधेयक पुन्हा आणले आणि २ जुलै १८६२ रोजी, ऐन युद्धाच्या धामधुमीत, लिंकन यांनी त्यावर सही केली. दर प्रतिनिधीमागे आणि दर सिनेटरामागे ३०,००० एकर, असा हिशेब होता. मुद्दलातून इमारत बांधता येणार नाही, ही अट मला दुकानदाराच्या हिशेबी बुद्धीची वाटते.

मंडळाचा शिवणवर्ग मी काही वर्षे घेतला आहे. शाळेत जमले नाही म्हणून सुई हाती आली, असे तेथे येणाऱ्या मुलींविषयी सहज बोलले जाते, आणि त्या मुलीही तसेच मानू लागतात. मॉरिल यांच्या कायद्यात शेती व यंत्रविद्येच्या बरोबरीने इतर शास्त्रे आणि भाषासाहित्यही शिकवावे असे म्हटले आहे, ते मला म्हणूनच मोलाचे वाटते. हातकाम करणाऱ्याला फक्त हातकामच शिकवा, असा त्यांचा विचार नव्हता.

ही देणगी प्रथम स्वीकारली ती आयोवाने, १८६२ सालीच. तेथील कॉलेज १८६९ साली उघडले आणि पहिल्या दिवसापासून मुलींना प्रवेश मिळाला. थोड्याच वर्षांत मेरी वेल्च या बाईंनी तेथे गृहशास्त्राचे वर्ग घेतले. स्वयंपाकघरच त्यांची प्रयोगशाळा झाले. कॉर्नेल आणि मॅसॅच्युसेट्सची तंत्रविद्येची प्रसिद्ध संस्था यांनाही याच कायद्याची मदत झाली.

आता कडू गोष्ट. सरकारने वाटलेली जमीन मोकळी पडलेली नव्हती. ती मूळच्या रहिवाशांची होती. करार, दडपण आणि कत्तली यांतून ती काढून घेतलेली होती. सुमारे २५० जमातींची १ कोटी ७ लाख एकर जमीन अशी विद्यापीठांच्या कामी आली, हा हिशेब २०२० साली पुढे आला. कित्येक राज्यांनी तर ती एकरी डॉलरपेक्षाही कमी भावाने फुंकून टाकली. ज्यांचे रान गेले त्यांच्या मुलांना त्या वर्गांत जागा नव्हती. मॉरिल यांना याची टोचणी लागल्याचे मला कोठे आढळले नाही.

दुसऱ्या एका अन्यायाकडे मात्र त्यांच्या हातून लक्ष दिले गेले. १८९० सालच्या त्यांच्या दुसऱ्या कायद्याने दरवर्षी रोख अनुदान सुरू झाले आणि त्याला अट घातली गेली : काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश द्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळे कॉलेज काढा. दक्षिणेतील राज्यांनी दुसरा मार्ग धरला आणि पैसा वाटताना पुष्कळ वर्षे हात आखडता घेतला. तरी त्या कॉलेजांतून काळ्या शिक्षकांच्या आणि शेतीतज्ज्ञांच्या पिढ्या बाहेर पडल्या.

आपल्या देशात याच नमुन्यावर १९६० साली पंतनगरला पहिले कृषी विद्यापीठ निघाले. महाराष्ट्रात १९६८ साली राहुरीला आणि पुढे अकोला, परभणी, दापोली येथे.

मॉरिल १८६७ साली सिनेटर झाले ते अखेरपर्यंत. २८ डिसेंबर १८९८ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, ते वॉशिंग्टनला वारले, तेव्हाही त्या पदावरच होते. दोन्ही सभागृहांत मिळून जवळजवळ ४४ वर्षे झाली होती. त्यांना स्ट्रॅफर्डला आणून पुरले. गुलाबी घर अजून उभे आहे आणि लोक ते पाहायला जातात.