यंत्रशिल्पी रुडॉल्फ डिझेल

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८५८ साली पॅरिस येथे जर्मन मातापित्यांच्या पोटी झाला. म्युनिक येथे शिकून त्यांनी आपले गुरू लिंडे यांच्या बर्फयंत्रांच्या व्यवसायात अनेक वर्षे काढली. पुढे १८९७ साली त्यांचे इंजिन यशस्वी ठरले. त्यात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत तेल आपोआप पेटते. कडाक्याच्या हिवाळ्यात मात्र थंडगार लोखंड ती उष्णता शोषून घेते, तेलातील मेण गोठते, आणि मालमोटार सुरू करण्यापूर्वी इंजिन तापवावे लागते. बर्फ करणाऱ्याच्या यंत्राने थंडीस भ्यावे, हे नवलच! अशी मालमोटार पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. १९१३ च्या सप्टेंबरात, कर्जात बुडालेले डिझेल इंग्लंडला जाताना रात्री आगबोटीवरून नाहीसे झाले. डिझेल मालमोटारी जर्मनीत विक्रीस आल्या त्या १९२४ साली.