भूछत्रांच्या अभ्यासक बीट्रिक्स पॉटर

पीटर नावाच्या खोडकर सशाची गोष्ट जगभरच्या बालकांनी आवडीने वाचली आहे. परंतु ती लिहिणाऱ्या बीट्रिक्स पॉटर यांनी तारुण्यातील कित्येक वर्षे अरण्यातील भूछत्रांच्या अभ्यासात वेचली होती, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

त्यांचा जन्म २८ जुलै १८६६ रोजी लंडनमधील एका सधन कुटुंबात झाला. शाळेत त्या कधी गेल्या नाहीत. शिक्षण घरीच झाले. उन्हाळ्यात कुटुंब स्कॉटलंडला जाई. तेथे रानावनांत हिंडताना त्यांना भूछत्रांचा छंद जडला. पर्थशायरमध्ये टपाल वाटण्याचे काम करणारे चार्ल्स मॅकिंटॉश हे वनस्पतींचे उत्तम जाणकार होते. ते टपालाने नमुने पाठवीत आणि बीट्रिक्सबाई जलरंगांत त्यांची हुबेहूब चित्रे काढीत.

पण केवळ चित्रांवर त्यांचे समाधान होईना. भूछत्रांचे बीजाणू रुजतात तरी कसे, हे जाणण्यासाठी त्यांनी प्रयोग आरंभिले. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंतून नाजूक तंतू फुटताना त्यांनी पाहिले. यावरील त्यांचा निबंध १ एप्रिल १८९७ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे आला. त्या सभांना स्त्रियांना मज्जाव असल्यामुळे क्यू उद्यानातील जॉर्ज मॅसी यांनी तो मांडला. पुढे निबंध परत घेतला गेला. तो कधीच छापला गेला नाही आणि आज उपलब्धही नाही.

बीट्रिक्सबाई खचल्या नाहीत. १९०२ साली पीटर सशाचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्यांची कीर्ती पसरली. १९०५ साली त्यांनी इंग्लंडच्या सरोवर-प्रदेशात शेत घेतले. २२ डिसेंबर १९४३ रोजी त्या निवर्तल्या, तेव्हा ४,००० एकरांहून अधिक जमीन त्यांनी नॅशनल ट्रस्ट या संस्थेस ठेवली. त्यांची भूछत्रांची चित्रे १९६७ साली एका शास्त्रीय ग्रंथात छापली गेली.

ज्या तंतूंचा त्यांनी ध्यास घेतला, त्यांचे मोल आज आपणांस कळले आहे. काही भूछत्रांचे तंतू वृक्षांच्या मुळांशी एकजीव होऊन त्यांना पाणी व फॉस्फरस पुरवितात आणि मोबदल्यात साखर घेतात. इतर काही पडलेली पाने व लाकूड कुजवून जमीन सुपीक करतात. पाइनची रोपे जोमदार वाढावीत म्हणून रोपवाटिकेतील मातीत असे कवक मुद्दाम मिसळतात.

पावसाळ्यात पायवाटेशेजारी भूछत्र दिसले, तर विद्यार्थिमित्रांनो, ते पायाने उडवू नका, ओळखीचे नसता तोंडातही घालू नका. क्षणभर वाकून पाहा. बीट्रिक्सबाईंच्या अभ्यासाचा आरंभ अशाच पाहण्यातून झाला होता.