रेने ल फोर : तीन रेषांचा संशोधक

गेल्या वर्षी माझ्या दादाच्या केसपेपरवर डॉक्टरांनी ल फोर एक असे लिहिले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. साहजिकच अण्णांनी त्याचा अर्थ मला विचारला. मला सांगता आला नाही. ती रुखरुख घेऊन ग्रंथालयात बसलो, आणि एका फ्रेंच शल्यविशारदाची ओळख झाली.

रेने ल फोर यांचा जन्म १८६९ साली उत्तर फ्रान्समधील लील शहरी झाला. एकविसाव्या वर्षीच ते डॉक्टर झाले. काही काळ त्यांनी लष्करातही वैद्यकीय सेवा केली. चेहऱ्याला जबर मार बसला की वरचा जबडा नेमका कोठे मोडतो, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. त्यासाठी मृतदेहांच्या चेहऱ्यांवर निरनिराळ्या दिशांनी आघात करायचे आणि मग मांस काढून हाडे तपासायची, असे ते काम. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. पण त्यातूनच उमगले की हाड वाटेल तसे फुटत नाही. दुबळ्या जागा धरून ते बहुधा तीन रेषांनी मोडते. पहिली रेषा नाकाच्या खालून, दातांच्या मुळांच्या वरून आडवी जाते. दुसरी नाकाच्या मुळापासून डोळ्यांखालून उतरते. तिसरीत सारा चेहराच कवटीपासून सुटतो. १९०१ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९५१ साली ते निवर्तले.

मोडण्याचा हा नकाशा पुढे घडवण्याच्या कामी आला. १९६० नंतरच्या दशकात झुरिकच्या ह्यूगो ओब्वेगेझर यांनी पहिल्या रेषेवर जबडा कापून, पूर्ण मोकळा करून पुढे आणण्याचे तंत्र रूढ केले.

दादाची टाळू जन्मतः दुभंगलेली. लहानपणी ती शिवली, पण वरचा जबडा वाढीत मागे राहिला. पुढच्या दातांनी त्याला भाकरी तोडता येत नसे. चारचौघांत तो तोंडावर रुमाल धरी. वाढ संपलेल्या वयात तारांनी दात सरकतात, जबडा पुढे येत नाही, म्हणून शस्त्रक्रिया. तोंडाच्या आतूनच हाड कापले, पुढे आणले आणि बारीक पट्ट्या व स्क्रूंनी बसवले. चेहऱ्यावर व्रण नाही. कित्येक आठवडे पेज आणि वरणाचे पाणी, ओठ बधिर, गाल सुजलेले. आई रोज रडायची.

आता दादा पुढच्या दातांनी भाकरी तोडतो.

त्या रेषांना ल फोर यांचे नाव मिळाले. ज्यांच्या देहांवर त्या सापडल्या, ते अनामच राहिले. दादाच्या घासात त्यांचाही वाटा आहे, असे मी मानतो. परवा अण्णांना शेतात बसून हे सारे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी त्या डॉक्टरांचे नाव पुन्हा एकदा विचारून घेतले.