इन्स्टावर आजही जिची स्टाईल शेअर होते, ती महाराणी आपल्या कागलची होती

इन्स्टाग्रामवर जुन्या फॅशनची पेजेस फॉलो करत असाल तर काही ब्लॅक अँड व्हाईट फोटो तुमच्या समोरून नक्की गेले असणार. एक सडपातळ तरुण राजा आणि त्याच्या शेजारी त्याची तितकीच तरुण राणी. दोघं एकमेकांना बिलगून मनमोकळं हसतायत. भारतातले राजेराणी म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो दागिन्यांचा ढीग, जरीचा भार आणि मागचा हत्ती, यातलं काहीच त्यात नाही.

हे इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) आणि महाराणी संयोगिताराजे. फोटो काढलेत मॅन रे या अमेरिकन कलाकाराने. पॅरिसमध्ये राहणारा हा माणूस व्होग आणि हार्पर्स बझारसारख्या मासिकांसाठी फोटो काढायचा.

आता विशेष गोष्ट. कोल्हापूरला उचगावच्या पुलापाशी हायवेला लागा आणि बेंगळुरूच्या दिशेने निघा. गोकुळ शिरगावची एमआयडीसी मागे पडली की थोड्याच वेळात कागल येतं. या महाराणीचं माहेर तिथलं. कागलच्या घाटगे घराण्यातलं.

लग्नाआधी त्यांचं नाव होतं चंद्रप्रभा. जन्म १९१४ चा. राजर्षी शाहू महाराजही मूळचे कागलच्या घाटग्यांचेच, दत्तक जाऊन ते कोल्हापूरचे छत्रपती झाले. नात्याने चंद्रप्रभा त्यांची चुलत बहीण. वयात मात्र तब्बल ४० वर्षांचं अंतर.

शाहू महाराजांनी आपल्या या बहिणीसाठी स्थळ पाहिलं ते थेट इंदूरच्या होळकरांचं. घाटगे मराठा आणि होळकर धनगर. आज ही बातमी वाटत नाही, पण शंभर वर्षांपूर्वी राजघराण्यात असं लग्न ठरवणं म्हणजे मोठंच धाडस होतं. जातीबाहेर सोयरीक केली तर भाऊबंद तुटतील, पुढच्या पिढीची लग्नं अडतील, ही भीती घराघरात होती.

पण शाहू महाराजांचा हिशोब सरळ होता. जात मोडायची असेल तर नुसतं पंक्तीला एकत्र बसून भागणार नाही, बेटीव्यवहार झाला पाहिजे. आणि लोकांना सांगायच्या आधी त्याची सुरुवात स्वतःच्या घरातून झाली पाहिजे. मराठा आणि धनगर समाजात अशी शंभर लग्नं लावायची योजनाच कोल्हापूर आणि इंदूर या दोन संस्थानांनी मिळून आखली होती.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज गेले. आता हे लग्न मोडणार असं वाटण्यासारखी परिस्थिती होती, पण शब्द पाळला गेला. १९२४ मध्ये चंद्रप्रभा आणि यशवंतरावांचं लग्न झालं आणि चंद्रप्रभाची संयोगिता झाली.

तेव्हा मुलीचं वय जेमतेम १० वर्षं, मुलाचं १५. म्हणजे जात मोडणारं हे लग्न आजच्या कायद्याने बालविवाह ठरलं असतं. ज्या मुलीच्या नावावर एवढा मोठा सामाजिक निर्णय घेतला गेला, तिचं मत विचारायची रीत त्या काळात नव्हती.

पुढे दोनच वर्षांत इंदूरमध्ये सगळं बदललं. मुंबईत १९२५ मध्ये झालेल्या बावला खून खटल्याचे धागे इंदूरपर्यंत गेले आणि १९२६ मध्ये तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. १७ वर्षांचे यशवंतराव महाराज झाले आणि त्यांच्याबरोबर संयोगिताराजे महाराणी. यशवंतराव शिकायला ऑक्सफर्डला होते. तिथून पॅरिस लांब नव्हतं.

त्या काळातलं पॅरिस फॅशनच्या बाबतीत उलट्या दिशेने निघालं होतं. पहिल्या महायुद्धाआधीच्या घट्ट कॉर्सेट, पिसांच्या टोप्या आणि झालरी मागे पडल्या होत्या. १९२६ मध्ये अमेरिकन व्होगने कोको शनेलच्या साध्या काळ्या ड्रेसचं चित्र छापलं आणि त्याची तुलना फोर्डच्या गाडीशी केली. मासिकांची पानंही बदलत होती. मधोमध एक आकृती, दोन-चार रेषा आणि बाकी कोरी जागा. आज ज्याला आपण मिनिमलिझम म्हणतो ते हेच.

अशी चित्रं काढणाऱ्यांमध्ये एक मोठं नाव होतं बर्नार्ड बुते द मोनव्हेल. मासिकांसाठी फॅशनची चित्रं काढून नावारूपाला आलेला हा चित्रकार. पट्टी घेऊन आखल्यासारख्या त्याच्या रेषा. यशवंतराव आणि संयोगिताराजेंनी आपली चित्रं काढायला त्यालाच बोलावलं.

त्याने आधी दोघांना युरोपियन संध्याकाळच्या पोशाखात रंगवलं. पुढे १९३३-३४ च्या सुमाराला त्याने दुसरी जोडी रंगवली. यात महाराज पांढऱ्या मराठा पोशाखात पांढऱ्या बैठकीवर बसलेत आणि महाराणी साडीत आहेत. दागिना म्हणाल तर होळकरांचे प्रसिद्ध इंदूर पेअर्स. नासपतीच्या आकाराचे हे दोन हिरे, प्रत्येकी जवळपास ४७ कॅरेटचे. तुकोजीरावांनी ते १९१३ मध्ये पॅरिसच्या शोमे या जवाहिऱ्याकडून घेतले होते.

दोन्ही जोड्या शेजारी ठेवल्या की एक गोष्ट कळते. गाऊन घातला म्हणून त्या आधुनिक झाल्या आणि साडी नेसली म्हणून जुन्या झाल्या, असं होत नाही. साडी म्हणजे तरी काय, न शिवलेलं एक सलग वस्त्र. शिवण नाही, बटण नाही, झालर नाही. जो साधेपणा पॅरिसचे शिंपी मेहनतीने शोधत होते तो संयोगिताराजेंच्या नेसण्यात आधीपासूनच होता. आधुनिक दिसण्यासाठी त्यांना तो टाकावा लागला नाही.

हाच साधेपणा त्यांनी घरातही आणला. १९३० पासून इंदूरमध्ये माणिकबाग राजवाडा उभा राहू लागला. वास्तुविशारद होता बर्लिनचा एकार्ट मुथेसियस, वय पंचविशीच्या आसपास. ना घुमट, ना कमानी, ना नक्षी. सरळ भिंती, धातूच्या खिडक्या आणि चक्क एअर कंडिशनिंग. फर्निचर रुलमान, आयलीन ग्रे, ल कॉर्बुझिए यांच्याकडचं. ब्रँकुसी या शिल्पकाराची आकाशात झेपावणाऱ्या पक्ष्याची तीन शिल्पंही यशवंतरावांनी घेतली. ती ठेवण्यासाठी एक ध्यानमंदिर बांधायचं ठरलं.

१९३३ मध्ये त्यांना मुलगी झाली, उषा. सगळं जुळून आलं होतं.

आणि १९३७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये संयोगिताराजेंचं निधन झालं. वय अवघं २२-२३. ध्यानमंदिराच्या कामासाठी ब्रँकुसी इंदूरला पोहोचला तोवर महाराणी गेल्या होत्या. ते मंदिर कधीच बांधलं गेलं नाही.

यशवंतराव १९६१ मध्ये गेले. माणिकबागेतलं सामान १९८० मध्ये मोनॅकोच्या लिलावात विकलं गेलं आणि राजवाड्यात सरकारी कर खात्याचं ऑफिस आलं. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात या सगळ्यावर मोठं प्रदर्शन भरलं. त्याच्या नावात होता तो महाराजा. महाराणी त्यांच्या शेजारी, सुंदर चेहरा म्हणून.

खरं तर त्यांच्या छोट्याशा आयुष्यात दोन गोष्टी घडल्या आणि दोन्हींचा अर्थ एकच होता. जातीचं ओझं उतरवून बघायचं ठरलं, ते त्यांच्या लग्नातून. पुढे राजेपणाचा भपका उतरवला, तो त्यांनी स्वतः. पहिला निर्णय दुसऱ्यांनी घेतला होता, पण दुसऱ्यात त्यांची स्वतःची आवड दिसते.

त्यामुळे पुढच्या वेळी तो फोटो स्क्रोल करताना समोर आला तर पॅरिसच्या आधी कागल आठवा. उचगावच्या पुलापासून फार लांब नाही.