रुपयावर कधीच म्हातारी न झालेली राणी

शिरूर, दौंडकडच्या जुन्या घरांत डब्याच्या तळाशी किंवा आजीच्या माळेत एखादा चांदीचा ‘राणीछाप’ रुपया असतो. त्यावरची राणी व्हिक्टोरिया भारतात कधीच आली नाही. इथल्या लोकांना तिची ओळख प्रामुख्याने नाण्यावरच्या चित्रातून झाली. ती चित्रे काय सांगतात?

१८४० : बिनमुकुटाची तरुणी
व्हिक्टोरियाचा जन्म २४ मे १८१९ चा. ती वर्षाची होण्याआधीच वडील वारले. काका, राजा चौथा विल्यम यांच्यानंतर २० जून १८३७ रोजी, १८ व्या वर्षी ती गादीवर आली. १८४० मध्ये तिने अल्बर्टशी लग्न केले. त्याच सालच्या रुपयावर केस बांधलेली तरुण राणी दिसते. मागे नाव मात्र ईस्ट इंडिया कंपनीचे.

१८६२ : मुकुट आला
१८५७ च्या उठावानंतर कंपनीची सत्ता संपली. १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीने प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ न करण्याची हमी दिली. १८६२ च्या रुपयावरून कंपनीचे नाव गेले आणि राणीच्या डोक्यावर मुकुट आला. त्याआधीच, १४ डिसेंबर १८६१ रोजी, अल्बर्ट वारला होता. पुढे आयुष्यभर ती काळ्या कपड्यांतच राहिली.

१८७५ : रुपया आणि कर्जरोखे
शेतसारा याच रुपयात भरायचा आणि सावकाराचे देणेही यातच फेडायचे. अमेरिकेतील यादवी युद्धात चढलेले कापसाचे भाव युद्ध संपल्यावर कोसळले. त्यातच सारा वाढला. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंगल पेटली. शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने लुटली, कर्जरोखे जाळले. सुपे आणि दौंड तेव्हा एकाच, भीमथडी तालुक्यात होते. अखेर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा झाला. त्यामुळे कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले.

१८७७ : ‘क्वीन’ची ‘एम्प्रेस’
१ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर झाले. त्याच वेळी दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता. रुपयावर ‘क्वीन’च्या जागी ‘एम्प्रेस’ आले. १८८८ मध्ये राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या पुण्यातील मेजवानीला जोतीराव फुले मुद्दाम शेतकऱ्याच्या वेशात गेले. दरबारी थाटात न दिसणारी प्रजा कशी असते, हे त्याला दाखवायचे होते.

१९०१ : चेहरा तोच
२२ जानेवारी १९०१ रोजी ८१ व्या वर्षी राणी वारली. तिने ६३ वर्षे राज्य केले. तिला नऊ मुले झाली. इंग्लंडच्या नाण्यांवर १८८७ आणि १८९३ मध्ये तिचे चित्र बदलून उतारवयातला चेहरा आला. भारतातल्या रुपयावर मात्र १८६२ चाच चेहरा शेवटपर्यंत राहिला.

घरात असा रुपया असेल तर राणीच्या चेहऱ्याभोवतीची अक्षरे पाहा. ‘क्वीन’ असेल तर तो १८७७ पूर्वीचा, म्हणजे कर्जरोखे जळाले त्या पिढीच्या हातातला. ‘एम्प्रेस’ असेल तर त्यानंतरचा.