वसंतराव नाईक

वसंतराव फुलसिंग नाईक (१ जुलै १९१३ – १८ ऑगस्ट १९७९) हे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री आणि भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे नेते होते. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ अशी सलग अकरा वर्षांहून अधिक काळ त्यांनी राज्याची धुरा वाहिली. इतका प्रदीर्घ सलग कार्यकाळ राज्याच्या अन्य कोणत्याही मुख्यमंत्र्याच्या वाट्याला आलेला नाही. महाराष्ट्रातील हरित क्रांतीचे प्रणेते म्हणून ते ओळखले जातात. त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो.

बालपण व शिक्षण

नाईक यांचा जन्म यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील गहुली या गावी बंजारा कुटुंबात झाला. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून मुलूखभर व्यापार करणारा हा समाज रेल्वे आणि पक्क्या सडका आल्यावर आपल्या परंपरागत व्यवसायाला मुकला होता. त्याचे तांडे ठिकठिकाणी स्थिरावून शेतीकडे वळत होते. वसंतरावांचे आजोबा चतुरसिंग यांनी आपला तांडा गहुलीत वसवला. तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणतात आणि तेच पुढे या घराण्याचे आडनाव झाले. वडील फुलसिंग व आई होनूबाई शेती सांभाळून होते.

गहुलीत शाळा नव्हती. आसपासच्या गावांतील शाळांत पायी जाऊन वसंतरावांनी प्राथमिक शिक्षण पूर्ण केले. पुढील शिक्षण अमरावती व नागपूर येथे झाले. नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयातून पदवी घेऊन १९४० मध्ये त्यांनी कायद्याची परीक्षा उत्तीर्ण केली. अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली काही काळ वकिली केल्यावर ते पुसदला आले. शेतकऱ्यांच्या कर्जाचे, कुळवहिवाटीचे आणि बांधाचे तंटे त्यांनी कागदोपत्री पाहिले ते येथेच.

१९४१ मध्ये त्यांनी नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी विवाह केला. वत्सलाबाई ब्राह्मण कुटुंबातील होत्या. तांड्यात वाढलेला तरुण आणि नागपूरच्या ब्राह्मण घरातील मुलगी यांचा विवाह त्या काळी सहजी पचणारा नव्हता. दोन्हीकडून विरोध झाला; परंतु दोघांनीही तो निग्रहाने सोसला.

राजकीय वाटचाल

१९४६ मध्ये नाईक पुसदचे नगराध्यक्ष झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते तत्कालीन मध्य प्रदेशच्या विधानसभेवर निवडून आले व महसूल खात्याचे उपमंत्री झाले. राज्य पुनर्रचनेनंतर विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्या मंत्रिमंडळात त्यांनी सहकार व नंतर कृषी ही खाती सांभाळली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्राची स्थापना झाल्यावर ते महसूलमंत्री झाले.

या काळातील त्यांचे महत्त्वाचे कार्य पंचायत राज्याशी संबंधित आहे. सत्तेच्या लोकशाही विकेंद्रीकरणासाठी १९६० मध्ये नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. बलवंतराय मेहता समितीने तालुका पातळीवरील संस्थेवर भर दिला होता. नाईक समितीने मात्र जिल्हा परिषद हा सर्वांत सबळ घटक ठरवला. कारण योजना आखण्यास लागणारा पैसा व तांत्रिक मनुष्यबळ जिल्ह्याच्याच पातळीवर उपलब्ध होऊ शकते, असा तिचा विचार होता. त्यानुसार १९६१ चा कायदा होऊन १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पुढील दोन पिढ्यांतील बहुतेक राजकीय कार्यकर्ते याच शाळेत शिकले.

नोव्हेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे निधन झाले. त्यानंतर पक्षाने नाईक यांची निवड केली. १९६७ आणि १९७२ या दोन्ही निवडणुका पक्षाने त्यांच्या नेतृत्वाखाली जिंकल्या.

अन्नधान्याचा प्रश्न

त्या वेळी देश अमेरिकेतून येणाऱ्या गव्हावर व मिलोवर विसंबून होता. शिधावाटप दुकानांपुढील रांगा नित्याच्या झाल्या होत्या. महाराष्ट्राची स्थिती अधिक बिकट होती, कारण पिकाखालील जमिनीपैकी दहा टक्केही जमीन सिंचनाखाली नव्हती. १९६५ मध्ये एकीकडे युद्ध आणि दुसरीकडे अवर्षण उभे राहिले. तेव्हा पुण्याच्या शनिवारवाड्यासमोरील जाहीर सभेत नाईक यांनी, दोन वर्षांत राज्य धान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण न झाल्यास आपल्याला फाशी द्यावी, अशी प्रतिज्ञा केली. ठरलेल्या मुदतीत ती पूर्ण झाली नाही. तथापि शासनाची सगळी यंत्रणा शेतीच्या कामाला जुंपली गेली, हे या प्रतिज्ञेचे खरे फलित होय.

पंजाबात हरित क्रांती कालव्याच्या पाण्यावर व गव्हावर उभी राहिली. महाराष्ट्राला ती कोरडवाहू ज्वारीच्या आधारे घडवायची होती. १९६४ मध्ये प्रसारित झालेले सी.एस.एच.-१ हे संकरित वाण गावोगावी हायब्रीड या नावानेच ओळखले जाऊ लागले. विदर्भ व खानदेशासारख्या खरीप ज्वारीच्या भागांत ते पसरले. सोलापूर, नगरकडच्या रब्बी पट्ट्यात मात्र मालदांडीचीच सत्ता टिकली. संकरित ज्वारीवरील टीकाही येथे नमूद केली पाहिजे. हे वाण लवकर पक्व होत असल्याने कणीस परतीच्या पावसात सापडे आणि दाणा काळा पडे. ताट बुटके असल्याने कडबा कमी मिळे. भाकरीची चव अनेकांना रुचली नाही. उत्पादन मात्र वाढले, आणि उपासमारीच्या उंबरठ्यावरील राज्याला त्या क्षणी चवीपेक्षा दाण्याची गरज अधिक होती.

कृषिशिक्षणाची उभारणी याच काळात झाली. राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी व दापोली (१९७२) या चारही कृषी विद्यापीठांची स्थापना नाईक यांच्या कारकिर्दीतली आहे. पहिले विद्यापीठ राहुरीला गेल्याने विदर्भात तीव्र आंदोलन झाले व त्यात काहींचे बळी गेले. मुख्यमंत्री स्वतः विदर्भाचे असताना हे घडावे, याचा सल त्या भागात दीर्घकाळ राहिला.

दुष्काळ व रोजगार हमी

१९७० पासून पावसाने ओढ दिली आणि १९७२ च्या दुष्काळाने राज्याचा मोठा भाग होरपळला. नाईक यांनी फुकट धान्य वाटण्याऐवजी कामे काढण्यावर भर दिला. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, रस्ते व खडी फोडणे अशा कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख मजूर राबत होते. कामावर सुकडी दिली जाई. त्या पिढीतील माणसांच्या स्मरणातून तिची चव गेलेली नाही. हाल कमी झाले नाहीत, परंतु मोठ्या प्रमाणावरील भूकबळी टळले.

या कामांना कायमस्वरूपी आधार देणारी रोजगार हमी योजना मूळ वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आली. तिचे श्रेय सरसकट नाईक यांना देणे योग्य नव्हे. पण खर्चाचा बोजा ओळखूनही तिला शासनमान्यता देणारे तेच होते. योजनेचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन १९७९ मध्ये अमलात आला. मागेल त्याला काम देण्याचे बंधन त्याने शासनावर घातले. केंद्राचा २००५ चा ग्रामीण रोजगार हमी कायदा याच अनुभवावर उभा राहिला.

कापूस उत्पादकांसाठी १९७२ मध्ये एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. व्यापाऱ्यांच्या अडवणुकीतून शेतकऱ्याला सोडवणे हा तिचा हेतू होता. यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जेथे कापसालाच पांढरे सोने म्हणतात, तिचे स्वागत झाले. पुढे ही योजना तोट्यात रुतत गेली.

टीका

मुंबईतील नाईक यांचे धोरण वादग्रस्त ठरले. कामगार संघटनांतील डाव्यांना शह देण्यासाठी त्यांनी शिवसेनेला मोकळीक दिली, असा आरोप झाला व विरोधक तिला उपहासाने वसंतसेना म्हणू लागले. बॅकबे येथे समुद्र हटवून मिळवलेल्या भूखंडांच्या वाटपावरूनही त्यांच्या शासनावर टीका झाली. मुंबईचा भार हलका करण्यासाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना करून नवी मुंबईचा पाया घातला गेला, ही याच काळाची दुसरी बाजू. नाईक शांत, मितभाषी आणि नेटक्या पोशाखाचे होते. हातातील पाइप ही त्यांची ओळख झाली होती व व्यंगचित्रकारांनी तो कधी सोडला नाही.

अखेरची वर्षे

१९७५ मध्ये पक्षश्रेष्ठींनी त्यांच्या जागी शंकरराव चव्हाण यांना आणले. नाईक यांनी कोणतीही खळखळ न करता पद सोडले. १९७७ मध्ये ते वाशिम मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ या काळात मुख्यमंत्री होते. त्यांनी १९९२ मध्ये स्वतंत्र जलसंधारण खाते निर्माण केले. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, परभणीचे कृषी विद्यापीठ आणि विमुक्त जाती व भटक्या जमातींचे विकास महामंडळ यांना वसंतरावांचे नाव देण्यात आले आहे. पश्चिम विदर्भातील शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी अमरावती येथे स्थापन झालेले शेतकरी स्वावलंबन मिशनही त्यांच्याच नावाचे आहे. त्याच्या कार्यक्षेत्रात त्यांचा यवतमाळ जिल्हा येतो.