विश्लेषण : ८५ वर्षांहून अधिक काळ बंद असलेली ‘कॉर्ड’ मोटार आजही का घेतली जाते? कोण होते एरेट लॉबन कॉर्ड?

अमेरिकेतील जुन्या मोटारींच्या बाजारात ‘ऑबर्न’, ‘कॉर्ड’ आणि ‘ड्यूझनबर्ग’ ही तीन नावे एका दमात घेतली जातात. तिन्ही ब्रँड 1937 पर्यंत बंद पडले. तरीही त्यांच्या उघड्या टपाच्या, रिस्टोअर केलेल्या गाड्यांना ग्राहक मिळतो. 2018 मध्ये अभिनेते गॅरी कूपर यांची 1935 ची उघडी ड्यूझनबर्ग 2 कोटी 20 लाख डॉलरला विकली गेली. या तिन्ही गाड्यांमागे एकच माणूस होता, एरेट लॉबन कॉर्ड. तो अभियंता नव्हता, डिझायनरही नव्हता. तो विक्रेता होता. आज अशी गाडी घेणाऱ्याने तिच्या रंगाआधी या माणसाचे आयुष्य पाहावे, कारण गाडीतील बहुतेक गुण आणि दोष तिथूनच आले आहेत.

सेकंडहँड गाड्यांपासून सुरुवात

कॉर्ड यांचा जन्म 20 जुलै 1894 रोजी मिसुरी राज्यातील वॉरेन्सबर्ग येथे झाला. तरुणपणी ते लॉस एंजेलिसमध्ये जुन्या फोर्ड गाड्या घेत, त्यांना शर्यतीच्या गाडीसारखे रूप देत आणि नफ्यात विकत. त्यांनी या धंद्यात पैसा कमावला, घालवला आणि पुन्हा कमावला. पुढे शिकागोत ‘मून’ कंपनीच्या मोटारी विकताना त्यांचे नाव झाले.

1924 मध्ये इंडियाना राज्यातील ऑबर्न गावची ऑबर्न ऑटोमोबाइल कंपनी डबघाईला आली होती. घोडागाड्या बनवणाऱ्या एकहार्ट कुटुंबाने ती सुरू केली होती. नंतर ती शिकागोच्या गुंतवणूकदारांकडे गेली, त्यात च्युइंगगमवाले विल्यम रिग्ली हेही होते. कारखान्याच्या आवारात सुमारे 700 गाड्या विक्रीविना पडून होत्या. तिशीतल्या कॉर्ड यांच्याकडे कारभार आला. त्यांनी इंजिनाला हात लावला नाही. गाड्यांना भडक दुरंगी रंग दिला, निकेलचा मुलामा चढवला आणि त्या विकून टाकल्या. दोन वर्षांत ते कंपनीचे अध्यक्ष झाले.

पुढचे सगळे काम त्यांनी याच सूत्रावर केले. गाडी आधी डोळ्यात भरली पाहिजे आणि तिची किंमत ऐकून माणूस चकित झाला पाहिजे. महामंदी ऐन भरात असताना 1932 मध्ये ऑबर्नने 12 सिलिंडरची गाडी आणली, तिचे सर्वांत स्वस्त मॉडेल 975 डॉलरला होते. त्याआधीचे 1931 हे वर्ष तर कंपनीच्या विक्रीतील सर्वोत्तम ठरले होते.

ड्यूझनबर्ग आणि इंदूरचे होळकर

1926 मध्ये कॉर्ड यांनी इंडियानापोलिसची ड्यूझनबर्ग कंपनी घेतली. फ्रेड आणि ऑगस्ट हे जर्मनीत जन्मलेले ड्यूझनबर्ग बंधू शर्यतीच्या इंजिनांचे उस्ताद होते, पण हिशेबात कच्चे. जगातली सर्वोत्तम मोटार बनवा, एवढेच काम कॉर्ड यांनी फ्रेड यांना दिले. डिसेंबर 1928 मध्ये ‘मॉडेल जे’ न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात आली. कंपनीच्या दाव्यानुसार तिची ताकद 265 अश्वशक्ती होती. नुसत्या चासीची किंमत 8,500 डॉलर. वरची बॉडी ग्राहकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून वेगळी करून घ्यायची. सुपरचार्जर लावलेली ‘एसजे’ 1932 मध्ये आली आणि त्याच वर्षी मोटार अपघातानंतर फ्रेड यांचे निधन झाले. ‘जे’ मालिकेच्या एकूण 480 च्या आसपास गाड्या बनल्या.

त्यातली एक इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांची होती. आधुनिक शैलीचा माणिकबाग राजवाडा बांधून घेणाऱ्या या महाराजांनी ‘एसजे’ची लांब चासी घेतली आणि लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याकडून तिच्यावर उघड्या टपाची बॉडी चढवली. रंग नारिंगी आणि काळा. ही गाडी पुढे अमेरिकेत परत गेली आणि आज सर्वांत नावाजलेल्या ड्यूझनबर्गमध्ये तिची गणना होते.

विमाने, टॅक्सी, जहाजे

1929 मध्ये कॉर्ड कॉर्पोरेशन ही धारक कंपनी उभी राहिली. तिच्या छत्राखाली लायकमिंग इंजिने, स्टिन्सन विमाने, पुढे चेकर टॅक्सी आणि न्यूयॉर्क शिपबिल्डिंगही आली. त्यांच्या सेंच्युरी एअरलाइन्सच्या वैमानिकांनी 1932 मध्ये पगारकपातीविरुद्ध लढा दिला, तेव्हा कॉर्ड यांनी माघार घेतली नाही. अमेरिकी वैमानिकांच्या नव्या संघटनेची ही पहिली मोठी लढाई. सेंच्युरी त्यांनी एका मोठ्या विमान उद्योगसमूहाला शेअर्सच्या बदल्यात विकली आणि त्या शेअर्सच्या बळावर पुढे तो समूहच ताब्यात घेतला. अमेरिकन एअरलाइन्स ही त्यातलीच कंपनी. ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ते दोनदा झळकले, 1932 आणि 1934 मध्ये.

या सगळ्यात मोटारींकडे त्यांचे लक्ष किती उरले असेल? फारसे नाही, असेच म्हणावे लागते. 1934 मध्ये ते कुटुंबासह इंग्लंडला गेले आणि 1936 पर्यंत बहुतेक काळ तिकडेच राहिले.

गिअरबॉक्सविना प्रदर्शनात आलेली गाडी

स्वतःच्या नावाची पहिली गाडी, ‘कॉर्ड एल-29’, त्यांनी 1929 मध्ये आणली होती. पुढच्या चाकांना ताकद देणारी, खऱ्या अर्थाने उत्पादनात आलेली ती पहिली अमेरिकी मोटार. पण काही महिन्यांत शेअर बाजार कोसळला. एल-29 च्या सुमारे 5,000 गाड्या बनल्या आणि 1932 मध्ये ती थांबली.

आज ज्या कॉर्डवर लोक जीव टाकतात ती 1936 ची ‘810’ आणि 1937 ची ‘812’. आधी ही छोटी ड्यूझनबर्ग म्हणून आखली होती. डिझायनर गॉर्डन ब्युरिग यांनी तिच्या पायऱ्या काढून टाकल्या, रेडिएटरची उभी जाळी काढली, नाक शवपेटीसारखे चौकोनी ठेवले आणि दिवे पुढच्या मडगार्डांत लपवले. हे दिवे स्टिन्सन विमानांच्या लँडिंग दिव्यांपासून घेतले होते आणि हाताने हँडल फिरवून बाहेर काढायचे. न्यूयॉर्कच्या मोडर्न आर्ट म्युझियमने 1951 मध्ये मोटारींना कलाकृती म्हणून मांडले, तेव्हा त्या आठ गाड्यांत ‘812’ होती.

मात्र नोव्हेंबर 1935 च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात गाडी मांडायची तर 100 गाड्या बनलेल्या असण्याची अट होती. हाती जेमतेम चार महिने. कामगारांनी हाताने ठोकून गाड्या उभ्या केल्या, पण अनेक गाड्यांत गिअरबॉक्सच नव्हता. लोक शेजारच्या गाड्यांवर चढून ती पाहत होते, ऑर्डरी धडाधड येत होत्या, नाताळला गाडी देण्याचे आश्वासन दिले गेले. नाताळला ग्राहकांच्या हाती पडली ती संगमरवरावर बसवलेली कॉर्डची ब्राँझची छोटी प्रतिकृती. खरी गाडी 1936 च्या वसंतापर्यंत आली नाही. आली तेव्हा इंजिन तापायचे, पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडायची, गिअर सुटायचा. तोवर बरेच ग्राहक दुसरीकडे गेले होते. दोन वर्षांत मिळून 3,000 गाड्याही बनल्या नाहीत.

आणखी थोडा वेळ आणि पैसा मिळाला असता तर हे दोष दूर झाले असते. पण मालकाचा जीव त्यात राहिला नव्हता. शेअरच्या भावात कृत्रिम चढउतार केल्याच्या संशयावरून सरकारी नियामक मागे लागले होते. ऑगस्ट 1937 मध्ये कॉर्ड यांनी समूहातला आपला हिस्सा विकला. त्याच वर्षी तिन्ही मोटारी बंद झाल्या. ऑबर्न आणि कॉनर्सव्हिल इथल्या मोटार कामगारांना ही गोष्ट महागात पडली, कॉर्ड यांना नाही. ते श्रीमंतच राहिले. लॉस एंजेलिसमध्ये जमिनी, रेडिओ केंद्र, मग नेवाडात शेती आणि 1950 च्या दशकात राज्य सिनेटचे सदस्यत्व. 2 जानेवारी 1974 रोजी रीनो येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जुलैत ऑबर्नमधील कंपनीच्या जुन्या कचेरीत या तीन मोटारींचे संग्रहालय उघडले.

आज उघडी कॉर्ड घेताना काय पाहतात?

‘810’ आणि ‘812’ उघड्या टपात दोन रूपांत मिळत : दोन आसनी ‘स्पोर्ट्समन’ आणि चार आसनी ‘फेटन’. दोन्हींत टप घडी होऊन धातूच्या झाकणाखाली पूर्ण दडतो. मूकपटांचे काउबॉय नायक टॉम मिक्स 1940 मध्ये अ‍ॅरिझोनात ‘812 फेटन’ चालवतानाच अपघातात गेले. ती गाडीही पुढे रिस्टोअर झाली.

पहिली खातरजमा असते ती ओळखीची. चासी, इंजिन आणि बॉडी यांचे क्रमांक एकमेकांशी जुळतात का? 1952 पासून चालणारा ऑबर्न-कॉर्ड-ड्यूझनबर्ग क्लब अशी तपासणी करून प्रमाणपत्र देतो. ड्यूझनबर्गच्या बाबतीत मूळ बंद बॉडी काढून महाग विकली जाणारी उघडी बॉडी नंतर बसवल्याची उदाहरणे बरीच आहेत. ‘812’ मध्ये सुपरचार्जर आणि बाजूने बाहेर येणारे चकाकते एक्झॉस्ट पाइप मागाहून लावलेले असू शकतात. नुसते पाइप पाहून भाव देऊ नये.

दुसरी भानगड प्रतिकृतींची. ओक्लाहोमातील शिक्षक ग्लेन प्रे यांनी 1960 मध्ये कंपनीचे उरलेले सुटे भाग व हक्क घेतले आणि मूळ गाडीच्या आठ दशांश आकाराची, प्लॅस्टिक बॉडीची उघडी कॉर्ड बनवली. ती स्वतःच्या जागी मजेची गाडी आहे, पण 1936 ची नव्हे. प्रे यांच्यामुळेच खऱ्या कॉर्डना सुटे भाग मिळत राहिले, हेही तितकेच खरे.

तिसरे म्हणजे गंज. ‘810’ च्या खाली नेहमीसारखी पूर्ण लांबीची चौकट नाही, पुढे इंजिन धरणारी अर्धी चौकट आणि बाकी सगळा भार बॉडीवर. दाराखालचा पत्रा सडला असेल तर वरचा चकचकीत रंग निरुपयोगी. शेवटी गाडी चालवून पाहायची, तीही इंजिन पूर्ण तापेपर्यंत. विजेवर आणि निर्वात दाबावर चालणारा तो गिअर बदलणारा संच नीट काम करतो का, पुढच्या चाकांचे सांधे वळणावर खडखडतात का? कारखान्याने अर्धवट सोडलेले हे काम अनेक कुशल मेकॅनिकांनी पुढे पूर्ण केले आहे, पण प्रत्येक गाडीत नाही. मग डॅशबोर्डच्या दोन टोकांची दोन हँडले फिरवून दोन्ही दिवे बाहेर येतात का तेही पाहून घ्यायचे.